घरयादी

घर म्हणजे काय, हा प्रश्न मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी सरकारने विचारला. तोवर मी कुठल्या ना कुठल्या घरात राहत होते, घर झाडीत होते, दिवाळीआधी त्याची जळमटे काढीत होते. पण त्याची व्याख्या करावी असे काही मला कधी सुचले नव्हते. २०१० च्या उन्हाळ्यात जनगणनेच्या कामाचा हुकूम हाती पडला आणि पाठोपाठ प्रशिक्षणाचे बोलावणे आले. आम्हां मास्तर-बाईमंडळींना यात नवल नाही. निवडणूक आली की आम्ही, आणि दर दहा वर्षांनी देशातली माणसे मोजायची झाली की तेही आम्हीच.

जनगणनेचे काम दोन पायऱ्यांनी चालते. आधी घरे मोजायची, मग माणसे. घरांच्या मोजणीला 'घरयादी' म्हणतात. तिच्या कागदावर त्या वर्षी पस्तीस प्रश्न होते. त्या कागदाच्या लेखी घर म्हणजे इमारत नव्हे; ज्या जागेला आपले स्वतंत्र मुख्य दार आहे ते घर. आणि कुटुंब म्हणजे रक्ताचे नातलग नव्हेत. जी माणसे एरवी एकत्र राहतात आणि एका स्वयंपाकात जेवतात ते कुटुंब. म्हणजे दार एक आणि चुली दोन असतील तर घर एक, कुटुंबे दोन.

मी हे घरी येऊन मोठ्या उत्साहाने सांगितले. आई त्या दिवसांत माझ्याकडे होती. ती शेंगा सोलीत बसली होती. म्हणाली, "एवढं शिकायला सरकारनं तुला बोलावलं व्हय गं? चूल फुटली की घर फुटलं, हे कुणालाबी ठावं हाय."

मला वाटते, पस्तीस प्रश्नांच्या त्या कागदाचे याहून चांगले भाष्य मी नंतर कुठे ऐकले नाही.

माझ्या वाट्याला आलेला भाग शहराच्या कडेचा होता, शेळगीच्या बाजूचा. सोलापूरकर या साऱ्या पट्ट्याला 'हद्दवाढ' म्हणतात. परगावच्या माणसाला हे नाव विचित्र वाटते, पण आमच्याकडे "कुठं राहता?" म्हणून विचारले तर "हद्दवाढीत" असे उत्तर अगदी सहज येते. १९९२ साली सोलापूर महानगरपालिकेची हद्द वाढविण्यात आली आणि भोवतालची गावे शहरात आली. बाळे, केगाव, शेळगी, देगाव, सोरेगाव, कुमठे, मजरेवाडी या गावांतली माणसे रात्री गावात निजली आणि सकाळी शहरात उठली म्हणा ना! १९९१ च्या गणनेत सोलापूर शहरात ६,०४,२१५ माणसे होती. २००१ मध्ये ती ८,७२,४७८ भरली. दहा वर्षांत पावणेतीन लाखांच्या जवळपास वाढ! त्यांतली कितीतरी माणसे कुठून आली नव्हती की गेली नव्हती. ती होती तिथेच होती. शहरच त्यांच्या दारात येऊन उभे राहिले होते.

मात्र शहर आले म्हणून गाव काही उठून गेले नाही. माझ्या यादीत एका ओळीला तीन मजल्यांची इमारत होती आणि तिला लागून कडब्याची गंज. गंजीच्या पलीकडे म्हशी बांधलेल्या, आणि गोठ्याच्या भिंतीवर एका संगणक-वर्गाची जाहिरात रंगविलेली. एका दारात माणूस मराठीत बोले, दुसऱ्या दारात कानडीत, तिसऱ्या दारात तेलुगूत, चौथ्या दारात उर्दूत. आपल्याला सोलापुरात वाढल्यामुळे चारही भाषांतले 'पाणी घ्या, बाई' कळते, एवढ्या बळावर मी ते उन्हाचे दिवस काढले.

गावठाणात शिरले की जुनी घरे लागत. आमच्या भागातल्या जुन्या खेड्यांत जमिनीचे दोन भाग मानतात: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतीची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. काळीत ज्वारी पिकायची आणि पांढरीत माणसे. घरेही त्या पांढऱ्या मातीचीच. जाड भिंती, वर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर काटक्या-पाला आणि त्याच्यावर मातीचा जाड थर. याला माळवद म्हणतात. दर वर्षी पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती टाकायची, पाणी शिंपून चोपायची. वैशाखातल्या दुपारी माळवदाखाली जो गारवा असतो तो कोणत्याही पंख्याखाली नसतो. रात्री सगळे घर वर जाऊन झोपायचे.

पण घरयादीच्या कागदाला ही कौतुके ठाऊक नव्हती. छपराच्या रकान्यात गवत, पाला, बांबू, लाकूड, माती या सगळ्यांना मिळून एकच आकडा होता. चार पिढ्यांचे माळवद आणि काल उभी केलेली पाल्याची झोपडी यांच्यापुढे मी तोच आकडा लिहिला. एका म्हाताऱ्याने कागदात डोकावून पाहिले आणि विचारले, "आमच्या घरापुढं काय लिवलं?" मी म्हटले, "माती." तो म्हणाला, "खरं हाय. पर आता माळवदाचं भ्याव वाटतंय बघा." त्याचे म्हणणे मला कळले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आमच्या सोलापुरातही भांडी वाजली, माणसे अंगणात धावली. तिकडे लातूर-उस्मानाबादेत हजारो माणसे त्याच दगडमातीच्या भिंतींखाली आणि त्याच जड माळवदांखाली गाडली गेली. वर्षानुवर्षे वर टाकलेल्या मातीचे ओझे कुणी मोजले नव्हते. त्यानंतर आमच्या भागातही पैसा जमला की माणसे माळवद उतरवू लागली आणि स्लॅब टाकू लागली. स्लॅबइतका पैसा नसला तर पत्रे. पत्र्याखाली उन्हाळ्यात जीव भाजून निघतो. पण भीतीपुढे माणूस उकाडा पत्करतो.

भिंती, छप्पर, जमीन, पाणी, दिवा, सांडपाणी, चूल कशावर पेटते, घरात रेडिओ आहे का, सायकल आहे का, इथवर प्रश्न सरळ होते. अडखळायला होई ते एका साध्या रकान्याशी. तो रकाना कुटुंबप्रमुखाच्या नावाचा.

दुपारी घरोघर बायकाच असायच्या. त्यांना नवऱ्याचे नाव विचारणे म्हणजे मोठा प्रसंग. एक म्हातारी म्हणाली, "पंढरीच्या देवाचं नाव हाय." मी म्हटले, "विठ्ठल?" ती म्हणाली, "तुम्हीच म्हणलात, मी न्हाई." दुसरीने धाकट्या नातवाला पुढे केले आणि सांगितले, "सांग रं बाईला तुझ्या आज्याचं नाव." आम्ही हसत असू, वेळ मजेत जाई. पण हळूहळू माझ्या ध्यानात आले की जिला नाव घ्यायचा संकोच, तीच बाकीच्या प्रश्नांची उत्तरे धडाधड देत होती. पाणी किती दिवसांनी येते, खोल्या किती, घरात जोडपी किती, बँकेत खाते आहे की नाही, सारे तिच्या जिभेवर. प्रमुख म्हणून ज्याचे नाव मी लिहिले त्याला यांतले निम्मे तरी सांगता आले असते की नाही कोण जाणे!

वास्तविक नियमात पुरुषाचेच नाव लिहा असे कुठेही नव्हते. घरातली माणसे ज्याला प्रमुख मानतात तो प्रमुख. मग ती बाई असो वा बुवा, वडील असो वा धाकटा. पण नियमाने दार उघडे ठेवले म्हणून माणसे त्यातून आत जातातच असे नाही. मी एका बाईला विचारले, "घर कोण चालवतं?" ती म्हणाली, "मी." "मग प्रमुख कोण?" ती म्हणाली, "ते." या दोन उत्तरांत तिला काहीच विसंगत वाटले नाही.

प्रशिक्षणात आम्हांला आणखी एक गोष्ट कळली होती. ज्या गावाला नगरपालिका नाही त्याला गणनेत शहर कधी म्हणायचे, याच्या तीन अटी २०११ सालच्या गणनेत होत्या. वस्ती किमान ५,००० हवी. दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे हवीत. आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात हवेत. पुरुषांपैकी! बायका काय काम करतात याने गावाचे शहर होत नाही की शहराचे गाव होत नाही. त्या वेळी मी हे वहीत उतरवून घेतले आणि विसरून गेले. ते पुन्हा आठवले ते कुंभारीला.

कुंभारी हे अक्कलकोट रस्त्यावरचे, दक्षिण सोलापूर तालुक्यातले गाव. कारभार ग्रामपंचायतीचा. आता तिथे जो माळ घरांनी भरून गेलेला दिसतो, त्याच्या मुळाशी सोलापूरच्या विडी कामगार बायका आहेत.

सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७७ साली सुरू झाली. तिला आम्ही 'जुनी गिरणी' म्हणत असू. गिरण्या आल्या, माग आले, तेलंगणातून पद्मशाली विणकर आले आणि शहराचा पूर्व भाग त्यांनी वसविला. पुरुष मागावर आणि बाया विडीवर, अशी त्या भागातल्या घरांची रीत पडली. पुढे एकामागून एक गिरण्या बंद पडल्या, मागांचे दिवस पालटले. पण विडीचे सूप काही बायकांच्या मांडीवरून उतरले नाही. कारखान्यातून तेंदूची पाने, तंबाखू आणि दोरा आणायचा. रात्री पाने भिजवायची, सकाळी पत्र्याच्या मापाने कापायची, तंबाखू भरून वळायची, टोक मुडपून दोरा बांधायचा. हजार विड्या झाल्या की दिवस भरला. कारखान्यात त्या तपासून घेतात. नापसंत पडतील त्या बाजूला टाकतात. बाईच्या अंगाला, पदराला, जेवणाच्या ताटालाही तंबाखूचा वास. आणि हे सारे एका भाड्याच्या खोलीत. तिथेच स्वयंपाक, तिथेच बाळंतपण, तिथेच मुलांचा अभ्यास. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली आईच्या शेजारी बसून दोरा बांधता बांधता पाढे म्हणत असत.

या बायकांनी आडम मास्तरांच्या, म्हणजे नरसय्या आडम यांच्या पुढारपणाखाली घरासाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढले. शेवटी केंद्र सरकार, राज्य सरकार आणि स्वतः कामगार स्त्री अशा तिघांच्या पैशांतून कुंभारीच्या माळावर दहा हजार घरे उभी राहिली. वारली आदिवासींमध्ये आयुष्य घालविलेल्या गोदावरी परुळेकरांचे नाव वसाहतीला दिले. १ सप्टेंबर २००६ रोजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती घरे बायकांच्या स्वाधीन झाली. त्यानंतर त्याच भागात रे नगरची तीस हजार घरांची योजना आली. तिच्यातली पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते असंघटित कामगारांना मिळाली. एका ग्रामपंचायतीच्या माळावर तालुक्याच्या गावापेक्षा मोठी वस्ती!

माझ्या एका विद्यार्थिनीची आई गोदूताई वसाहतीतल्या पहिल्या घरकरणींपैकी. मुलगी आता परिचारिका आहे. तिच्या आग्रहावरून मी एकदा तिकडे गेले. दोन खोल्या, पुढे तुळस, दाराशी मुग्गू. म्हणजे आपली रांगोळी, तेलुगू वळणाची. बाई अजून विड्या वळते. बोलता बोलता मी विचारले, "अक्का, इथं आल्यावर काय बदललं?"

ती म्हणाली, "बदललं काय, बाई? शहर लांब पडलं. कारखान्याला जायला भाडं लागतं. विडी तीच, पान तेच." मग थोडा वेळ ती गप्प राहिली. हात चालूच होते. म्हणाली, "एक बदललं. खोलीत होतो तवा ह्यांचं डोकं फिरलं की म्हणायचे, 'नीघ माझ्या घरातनं.' भाडं मी भरायची, तरी घर त्यांचं. चारदा पोरीला काखेत मारून रात्री बाहेर बसले मी. इथं आल्यावर एकदा तोंडात आलं त्यांच्या, 'नीघ' म्हणून. आणि मधेच थांबले. माझ्याकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं, आणि आपणच चप्पल घालून निघून गेले."

"मग?"

"मग काय? दोन दिवसांनी दार वाजलं. उघडलं मी. माझं घर हाय, 'नको' कसं म्हणू?"

वाचकहो, सोलापूरच्या घरांविषयी मी पुष्कळ आकडे लिहिले आहेत आणि वाचले आहेत. २०११ साली शहरात ९,५१,५५८ माणसे होती, जिल्ह्यात ४३,१७,७५६. घरे पक्की किती, कच्ची किती, नळ किती दारांत, सारे त्या तक्त्यांत आहे. पण 'नीघ' हा शब्द किती घरांत बायकांना ऐकावा लागतो आणि किती घरांत तो मधेच थांबतो, याचा रकाना कुठल्या तक्त्यात असणार? तो शब्द थांबला होता घराच्या कागदावरच्या नावापाशी. आणि ते नाव हजार-हजार विड्यांनी मिळविलेले होते, ज्या विड्यांना गाव-शहर ठरविण्याच्या हिशेबात जागा नाही.

त्या दिवशी परत येताना मला सारखी आईची आठवण होत होती. बार्शी तालुक्यातल्या आमच्या गावी माळवदाचे घर होते. त्याच्या भिंती आई सारवायची, जमीन आई सारवायची, वरची माती चोपायलाही ती चढायची. ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर नाव वडिलांचे. ते गेले आणि उताऱ्यावर दोघा भावांची नावे लागली. भाऊ वाईट नव्हते. आईला काही कमी पडू दिले नाही त्यांनी. मग चूल फुटली आणि आईचे चार महिने एकाकडे, चार महिने दुसऱ्याकडे, उरलेले माझ्याकडे असे सुरू झाले. ती कधी तक्रार करीत नसे. फक्त तिची एक लोखंडी पेटी होती; ती मात्र दर वेळी बरोबर घेऊन येई. "एवढी जड कशाला वागवतेस?" असे विचारले तर म्हणे, "असू दे, माझी हाय."

२०११ च्या फेब्रुवारीत माणसांची मोजणी झाली तेव्हा आई माझ्याकडे होती. मी दुसऱ्या भागात मोजायला गेलेली. जुळे सोलापुरातल्या आमच्या बिऱ्हाडी एक तरुण मास्तर कागद घेऊन आले, ते नेमके मी परतल्यावर. प्रमुखाचे नाव काय, असे त्यांनी विचारले. माझे यजमान थट्टेने म्हणाले, "नियम हिला पाठ आहेत, हिचंच लिहा." जागेच्या कागदावर आम्हां दोघांचीही नावे आहेत, हप्तेही दोघांनी फेडले, तेव्हा तसे लिहिले असते तरी काही बिघडत नव्हते. पण आतून आई म्हणाली, "जावई घरात असताना लेकीचं नाव? शोभतं का ते?" मास्तर हसले, यजमान हसले आणि नेहमीसारखे लिहिले गेले. पहिली ओळ यजमानांची. माझ्यापुढे 'पत्नी'. शेवटी आईची ओळ आली. प्रमुखाशी नाते काय? मास्तरांनी सुवाच्य अक्षरात लिहिले, 'सासू'.

त्यात खोटे काही नव्हते. जिने दोन घरे सांभाळली, चार पोरे वाढवली, ती शेवटच्या मोजणीत एका घराची सासू म्हणून मोजली गेली. आईला लिहिता-वाचता येत नव्हते, म्हणून तिला ते कळले नाही. आणि मला ते अजून विसरता येत नाही. २०१४ साली ती गेली. पेटीत चार लुगडी, एक चांदीचा करंडा आणि गावच्या घराची जुनी, गंजलेली किल्ली होती. ते माळवद उतरवून भावांनी केव्हाच स्लॅब टाकला होता.

२०२१ ची जनगणना महासाथीमुळे राहिली. पुढची आता २०२७ ची. १ मार्च २०२७ हा तिचा दिवस ठरला आहे. मी आता निवृत्त आहे, या खेपेला मोजायला जाणार नाही. पण दिवाळी आली की घरे मनात येतातच. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण उंबऱ्यापासून देवघरापर्यंत इवली पावले काढतो. लक्ष्मी आत यावी म्हणून दार उघडे ठेवतो. ज्या घरात रोजच्या लक्ष्मीला 'नीघ' म्हणण्याची सोय आहे तिथे पाहुण्या लक्ष्मीने यावे, ही अपेक्षा जरा जास्तच नाही का?

कुंभारीहून निघताना मी त्या बाईला गणनेची गोष्ट सांगितली होती. म्हटले, "मोजायला माणसं येतील, प्रमुखाचं नाव विचारतील. घर तुमच्या नावाचं आहे. तुम्ही तुमचं नाव सांगितलं तर चालतं, नियमात बसतं."

तिने सूप बाजूला ठेवले, हात पदराला पुसले. "आणि हे?"

"त्यांचं दुसऱ्या ओळीत. 'पती' म्हणून."

ती हसली. आत खोकल्याचा आवाज आला तेव्हा आणखीच हसली. मग आठवल्यासारखे करून आत गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीतून शिधापत्रिका घेऊन आली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवर घरातली वडील स्त्री हीच कुटुंबप्रमुख असते. तिथे तिचे नाव पहिले होते. तिने त्यावर बोट ठेवले. तंबाखूने पिवळे पडलेले, दोऱ्याने घासलेले बोट.

"रेशनला मी पहिली हायच की, बाई," ती म्हणाली. "मग मोजायला आले तर दुसरी कशी सांगू?"